जड बोटीच्या ट्रेलरसाठी इलेक्ट्रिक टंग जॅक कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ह्यूस्टनला राहतो. आमच्या ओळखीतल्या चार-पाच मराठी घरांकडे बोटी आहेत. कुणी लेक कॉनरोच्या गोड्या पाण्यात जातं, कुणी गॅल्व्हेस्टनच्या खाडीत. बोट चोवीस फुटांच्या वर गेली आणि खांदे पन्नाशीच्या वर गेले, की प्रत्येकाचा फोन येतोच: "अरे, तो बटणाचा जॅक बसवून घेऊ का?" ते वेळोवेळी जे विचारतात आणि मी जे सांगतो, ते इथे एकत्र लिहिलं आहे. आकडे अमेरिकेतल्या मापांत आहेत, कारण जॅकच्या खोक्यावर आणि ट्रेलरच्या पाटीवर तेच असतात.

टंग जॅक म्हणजे नेमकं काय?

ट्रेलरच्या पुढच्या निमुळत्या भागाला टंग म्हणतात. त्याच्या टोकाला कपलर असतो आणि तो गाडीच्या मागच्या हिचवरच्या (जोडणीवरच्या) बॉलवर बसतो. ट्रेलर गाडीपासून सोडवला की हे टोक तोलून धरायला आणि वर-खाली करायला जे यंत्र लागतं तो टंग जॅक. बैलगाडी सोडली की तिचं पुढचं टोक जमिनीवर टेकू नये म्हणून खाली उंटडा लावतात ना, तेच काम. फरक इतकाच की इथे आत स्क्रू असतो, म्हणून उंची कमी-जास्त करता येते. साध्या जॅकचा स्क्रू हँडलने फिरवायचा, इलेक्ट्रिक जॅकमध्ये तो १२ व्होल्टची मोटर फिरवते.

मला तो खरंच हवा आहे का?

बोट पाण्यात सोडताना ट्रेलर गाडीलाच जोडलेला असतो. म्हणजे एका फेरीत जॅकची गरज दोनदा: निघताना आणि घरी परतल्यावर. बोट ४,००० पौंडांच्या आतली असेल, अंगण सपाट असेल आणि खांदा धड असेल, तर चांगला हाताचा जॅक पुरतो, आणि खाऱ्या पाण्यात तो जास्त टिकतो. ट्रेलरसह एकूण वजन ७,००० पौंडांच्या पुढे गेलं, किंवा घरापुढचा उतार असा असेल की दर वेळी टंग बरीच उचलावी लागते, तर मात्र इलेक्ट्रिक जॅक घ्या. खांद्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर विचारूच नका, घ्या.

किती पौंडांचा घ्यायचा?

सगळे इथूनच सुरुवात करतात. माझ्या मते या निर्णयातला हा सगळ्यात सोपा भाग आहे. जॅक उचलतो ते बोटीचं पूर्ण वजन नव्हे, फक्त टंगवर येणारं वजन. बाकीचं चाकांवर असतं. साध्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन टंगवर असावं असं सांगतात. बोटीच्या ट्रेलरला ते कमी धरतात, बहुतेक ठिकाणी ५ ते १० टक्के, कारण इंजिन मागे असतं.

एक हिशोब करून बघू. इंजिनासकट कोरडी बोट ५,२०० पौंड. टाकीत १२० गॅलन पेट्रोल. गॅलनमागे साधारण ६ पौंड धरले तर ७२० झाले. नांगर, दोर, बर्फाचे खोके, बॅटऱ्या, मासेमारीचं सामान मिळून ४००. ट्रेलर स्वतः १,७००. बेरीज ८,०२०. याचे ७ ते १० टक्के म्हणजे ५६० ते ८०० पौंड.

मग २,००० पौंडांचा जॅक पुरेल की! हिशोबाने पुरेल. तरी मी ३,५०० चा घ्यायला सांगतो. क्षमतेच्या पाव हिश्शावर चालणारी मोटर कमी तापते आणि दहा वर्षं कुरकुर करत नाही. शिवाय कपलर बॉलला घट्ट चिकटून बसला की जॅक टंगसोबत गाडीचा मागचा भागही उचलायला लागतो, आणि हे नेहमी होतं. बोट पाण्यातून काढल्यावर तळातलं पाणी मागच्या भोकातून निथळावं म्हणून आपण पुढचं टोक मुद्दाम उंच करतो, तेव्हाही जॅक पूर्ण बाहेर आलेला असतो आणि आडव्या धक्क्याला कमजोर असतो. ५,००० पौंडांचा जॅक तीन अॅक्सलच्या, म्हणजे चाकांच्या तीन आसांच्या, १२,००० पौंडांच्या पुढच्या ट्रेलरसाठी ठेवा. खोक्यावर दोन आकडे असतील तर नीट वाचा: उचलण्याची क्षमता वेगळी आणि नुसती तोलून धरण्याची वेगळी. आपल्याला पहिली हवी.

टंगवरचं वजन घरच्या घरी मोजता येतं का?

येतं, आणि मोजाच. अंदाज फार चुकतो.

घरातला वजनकाटा ३०० पौंडांपर्यंतच जातो, म्हणून एक जाड लाकडी ओंडका घ्या. त्याचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, मधलं अंतर तीन फूट. विटेपासून एका फुटावर जॅकचा पाय टेकवा. म्हणजे काट्यावर एक तृतीयांश वजन येतं. काटा दाखवेल त्याला तीनने गुणा. ओंडका ठेवल्यावर काटा आधी काय दाखवतो ते वजा करायला विसरू नका. ट्रेलर सपाट, चाकांना गुटके लावलेले, टाकी भरलेली, सामान जागेवर, असं सगळं असताना मोजा. टाकी अॅक्सलच्या पुढे आहे की मागे, यावर भरल्या-रिकाम्या टाकीचा फरक उलटसुलट पडतो.

ओंडक्याचा खटाटोप नको असेल तर हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचा मोठा काटा, असतो. आधी नुसती गाडी, मग ट्रेलर जोडून. जोडल्यावर गाडीच्या चाकांवर जितकं वजन वाढलं, तितकं टंगचं.

माझ्या ट्रेलरला तो बसेल का?

विकत घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न खरं तर हा आहे, आणि लोक तो शेवटी विचारतात, खोकं उघडून बसल्यावर.

बाजारातले बहुतेक इलेक्ट्रिक जॅक 'ए-फ्रेम' टंगसाठी असतात, म्हणजे दोन तुळया पुढे येऊन त्रिकोणात मिळतात तशी टंग. त्या त्रिकोणाच्या टोकावरच्या पट्टीत मधे सव्वादोन इंच व्यासाच्या नळीसाठी मोठं भोक आणि भोवती तीन बोल्टची भोकं असतात. कॅम्पिंगच्या ट्रेलरना सर्रास असं असतं. बोटीच्या ट्रेलरना मात्र पुष्कळदा एकच सरळ चौकोनी तुळई असते आणि जॅक तिच्या कुशीला बोल्टने लावलेला, आडवा फिरवून ठेवता येणारा. अशा तुळईवर ए-फ्रेमचा जॅक बसत नाही.

तुळई सरळ असेल तर दोन वाटा आहेत. एक, तुळईवर बोल्टने बसणारी ब्रॅकेट घेऊन तिच्यावर इलेक्ट्रिक जॅक चढवणं. ब्रॅकेटची क्षमता जॅकपेक्षा कमी असेल तर जॅकचा आकडा विसरा, ब्रॅकेटचा धरा. दुसरी, ड्रिलने फिरवायला बनवलेला जॅक. ब्रॅकेट वेल्ड करून घ्यायचा विचार असेल आणि ट्रेलर गॅल्व्हनाइज्ड असेल, तर थांबा. जस्ताचा थर जळून निघणारा धूर विषारी असतो आणि थर गेलेल्या जागी गंज तिथूनच सुरू होतो. बोल्टचीच ब्रॅकेट बरी.

दुकानात लिपर्ट, हस्की, बार्कर, बुलडॉग ही नावं दिसतील. नावाआधी टेप घेऊन ट्रेलरपाशी जा. भोकाचा व्यास, बोल्टमधली अंतरं, आणि जॅकचं डोकं विंचच्या (बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चरकाच्या) खांबाला किंवा दोराला अडतं का, हे मोजून घ्या.

वीज कुठून घ्यायची?

जॅक फसला तर तो इथेच फसतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कॅम्पिंगच्या ट्रेलरवर पुढेच मोठी बॅटरी असते. बोटीच्या ट्रेलरवर नसते. बोटीत बॅटऱ्या असतात, पण त्या बोटीबरोबर पाण्यात जातात. मग लोक गाडीच्या सात पिनांच्या प्लगमधून वीज घेतात. त्यात १२ व्होल्टची एक पिन असते, त्यामुळे कागदावर सगळं जुळतं.

माझाही पहिला जॅक असाच जोडलेला होता. एका दुकानातून बसवून घेतला, त्यांनी ट्रेलरच्या जुन्या तारेलाच जोडून दिला. रिकाम्या ट्रेलरवर सुरेख चालला. एका रविवारी रात्री नऊच्या सुमारास खाडीवरून परतलो, बोट ओली, पोरं झोपाळलेली. बटण दाबलं. कपलर बॉलवरून सुटायला इंचभर राहिला आणि मोटरचा आवाज जाड होत गेला, जसा भरल्या गिरणीत पट्टा ओढला जाताना होतो, आणि मग बंद. ब्रेकर पडला होता. ब्रेकर थंड होईपर्यंत थांबायचं, चार सेकंद चालवायचं, परत थांबायचं, असं करत तो इंच पार केला. दुसऱ्या दिवशी मीटर लावला. मोटर ओझ्याखाली चालताना गाडीच्या बॅटरीवर १२.३ व्होल्ट, जॅकच्या तारेवर ९.८.

अडीच व्होल्ट तारेनेच खाल्ले होते. हिशोब सोपा आहे. १२ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप, आकडा जितका लहान तितकी तार जाड) तांब्याच्या तारेला १,००० फुटांमागे साधारण १.६ ओहम रोध असतो. गाडीच्या बॅटरीपासून जॅकपर्यंत तीस फूट, परतीचे तीस, मिळून साठ फूट. म्हणजे ०.०९६ ओहम. त्यातून २६ अँपिअर गेले की अडीच व्होल्ट गेले. १० गेजची तार टाकली तरी दीड व्होल्टाच्या वर जातात. तेच, बॅटरी टंगवर जॅकपासून चार फुटांवर ठेवली आणि १० गेजचीच तार वापरली, तर तूट ०.२ व्होल्ट. मोटर तीच, जॅक तोच, आणि काम वेगळंच.

म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: टंगवर झाकणाच्या डब्यात एक स्वतंत्र १२ व्होल्टची एजीएम (आतलं आम्ल न सांडणारी, बंदिस्त) बॅटरी. ३५ अँपिअर-तासांची पुष्कळ झाली. जॅक एकदा वर उचलायला २६ अँपिअर दीड मिनिट लागले तर खर्च ०.६५ अँपिअर-तास. चार वेळा वर-खाली धरून एका फेरीला फार तर दोन-अडीच. अर्धी बॅटरी वापरायची म्हटलं तरी सात-आठ फेऱ्या निघतात. ट्रेलर उन्हात उभा राहत असेल तर १० वॉटचं छोटं सोलर पॅनल तेवढं भरून काढतं. छपराखाली असेल तर घरच्या प्लगवरचा छोटा चार्जर लावून ठेवा.

बॅटरीच्या अगदी जवळ ३० अँपिअरचा ब्रेकर किंवा फ्यूज हवाच. तो तारेचं रक्षण करतो, म्हणून तारेच्या सुरुवातीला असावा लागतो, जॅकपाशी नव्हे.

ब्रेकअवेची बॅटरी आहेच, तिच्यावर चालेल का?

नाही. ट्रेलर गाडीपासून तुटला तर ब्रेक लावण्यासाठी ती छोटी बॅटरी असते, बहुधा ५ अँपिअर-तासांची. तिच्यातून जॅकसाठी काहीही घेऊ नका. ज्या दिवशी ती लागेल त्या दिवशी ती भरलेलीच असली पाहिजे.

खाऱ्या पाण्यात टिकेल का?

काळजी घेतली तर टिकेल. तसाच सोडून दिला तर दोन मोसमांत आतून खलास. इलेक्ट्रिक जॅकचं डोकं पावसाला तोंड देण्याइतकं बंदिस्त असतं, पाण्यात बुडण्यासाठी बनवलेलं नसतं. बऱ्याच रँपवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, टंग पाण्याच्या वरच राहते, पण उथळ उताराच्या रँपवर भरती कमी असली की ट्रेलर फार आत न्यावा लागतो आणि जॅकचा पाय, कधी नळीसुद्धा, पाण्यात जाते. तुमच्या नेहमीच्या रँपवर ओहोटीच्या वेळी टंग कुठवर जाते ते एकदा स्वतः उतरून बघा. मोटर पाण्याजवळ येत असेल तर इलेक्ट्रिक जॅकचा विचार सोडा, किंवा रँप बदला.

जोडण्यांवर पैसे वाचवू नका. कल्हईची, म्हणजे टिनचा थर दिलेली मरीन तार घ्या. उघडं तांबं खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आतून हिरवं-काळं पडत जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जोडावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा, टर्मिनलवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा.

घरी आलं की ट्रेलर धुताना जॅकही गोड्या पाण्याने धुवा, पण साध्या नळाने. प्रेशर वॉशरचा फवारा मोटरच्या डोक्यावर मारू नका, तो रबराच्या सीलमधून पाणी आत ढकलतो.

रँपवर जॅक खाली घासेल का?

हा धोका खरा आहे. बाजूला आडवा फिरणारा जॅक वर दुमडला की जमिनीपासून दूर जातो. ए-फ्रेमचा इलेक्ट्रिक जॅक उभाच राहतो. पूर्ण वर घेतला तरी नळीचा तळ टंगच्या खाली लोंबत असतो. सपाट रस्ता जिथे रँपच्या उताराला मिळतो त्या काठावर तो आदळतो. पेट्रोल पंपावर शिरतानासुद्धा.

पाय पिन काढून वेगळा करता येईल असा जॅक घ्या, म्हणजे काही इंच मोकळे मिळतात. खालची मोकळी जागा वाढवण्यासाठी कमी स्ट्रोकचा, म्हणजे कमी उंची उचलणारा, जॅक घेऊ नका. १८ इंचांचा स्ट्रोक नेहमीचा आहे आणि उताराच्या अंगणात तो सगळा लागतो. उरलेली उंची पायाखाली सहा बाय सहा इंचांचा लाकडी ठोकळा ठेवून भागवा. स्क्रू जितका कमी बाहेर, तितका जॅक मजबूत.

खाली चाक लावू का? ट्रेलर हाताने ढकलता येईल.

आठ हजार पौंड हाताने ढकलले जात नाहीत. आणि चाक खरंच फिरलं तर तोच अपघात. सपाट पायच ठेवा.

मधेच बंद पडला तर?

जवळपास प्रत्येक इलेक्ट्रिक जॅकच्या डोक्यावर रबरी बूच असतं. ते काढून हँडल घालून हाताने फिरवता येतं. घेताना हे बघून घ्या आणि हँडल गाडीत ठेवा, गॅरेजमध्ये नको. एकदा घरी, उजेडात, हाताने पूर्ण फिरवून बघा. अंधारात, डासांमध्ये पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही. जॅकलाच पुढे एलईडी दिवा असेल तर पहाटे साडेचारला बॉलवर कपलर आणताना त्याची किंमत कळते.

साध्या जॅकला ड्रिल लावून काम भागणार नाही का?

ड्रिलसाठीच बनवलेले जॅक मिळतात आणि सरळ तुळईच्या ट्रेलरला ती उत्तम सोय आहे: मोटर खाऱ्या पाण्यापासून लांब, तुमच्या टूलबॉक्समध्ये. हाताने फिरवायच्या साध्या जॅकला मात्र ड्रिल लावू नका. त्याचे गिअर त्या वेगासाठी नसतात, आणि स्क्रू टोकाला अडला की ड्रिल उलट फिरून मनगट पिरगाळतं.

अॅल्युमिनियमच्या ट्रेलरवर बसवताना वेगळं काही?

दोन गोष्टी. एक, पोलादी जॅक आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये खारं पाणी शिरलं की अॅल्युमिनियम पोखरलं जातं, म्हणून मधे नायलॉनचे वॉशर किंवा पातळ प्लास्टिकची पट्टी आणि बोल्टला गंजरोधक पेस्ट. दुसरी गोष्ट सगळ्याच ट्रेलरना लागू आहे. बरेच जॅक अर्थिंग स्वतःच्या सांगाड्यातून घेतात, म्हणजे ट्रेलरची फ्रेम हीच परतीची तार. रंग, गंज किंवा ती प्लास्टिकची पट्टी मधे आली की सर्किट तुटतं. जॅकच्या सांगाड्यापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत स्वतंत्र १० गेजची तार टाका. "नवा जॅक कधी चालतो, कधी चालत नाही" अशी तक्रार घेऊन येतात, त्यात मला पहिला संशय याच जागेचा असतो.

ट्रेलर जॅकवर उभा असताना बोटीत चढलं तर चालतं का?

पुढच्या भागात एखादा माणूस चढला तर सहसा काही होत नाही. मागे चढू नका, आणि मुलांना तर मुळीच चढू देऊ नका. टंगवर जेमतेम सहाशे पौंड आहेत. अॅक्सलच्या खूप मागे, इंजिनापाशी दोन-तीन माणसं उभी राहिली, वर बर्फाचे भरलेले खोके ठेवले, तर तराजू मागे झुकतो. जॅकचा पाय जमिनीला बांधलेला नसतो, नुसता टेकलेला असतो. टंग हवेत उचलली जाते आणि बोट मागे आदळते. बोट ट्रेलरवर पूर्ण पुढे, विंचच्या खांबाला टेकलेली नसेल तर हे आणखी सहज घडतं. मागे काम करायचं असेल तर ट्रेलर गाडीला जोडून ठेवा किंवा फ्रेमच्या मागच्या टोकाखाली स्टँड लावा.

सोडवताना क्रम कायम एकच: आधी चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके, मग जॅक खाली टेकवून ओझं त्यावर, मग कपलरची खिटी, मग उचलणं, आणि शेवटी साखळ्या. बोट उतारावर निसटू पाहिली तर त्या साखळ्याच तिला धरतात. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर टंगखाली हात किंवा डोकं घालू नका.

देखभाल किती आणि कधी?

खाऱ्या पाण्यात जात असाल तर मोसमातून दोनदा जॅक पूर्ण बाहेर काढून आतली नळी पुसा आणि तिच्यावर मरीन ग्रीसचा पातळ हात फिरवा. जाड थर नको, त्यात वाळू अडकते. ब्रेकरच्या आणि अर्थिंगच्या टर्मिनलचे नट त्याच वेळी आवळून घ्या. उत्तरेकडे, मिशिगन-मिनेसोटाकडे राहणाऱ्यांनी हिवाळ्यात बॅटरी काढून घरात ठेवावी, आणि लिथियम बॅटरी असेल तर ती गोठणबिंदूखाली चार्जरला लावू नये. वर्षातून एकदा, ओझं घेऊन जॅक चालताना मीटर लावून व्होल्ट बघा आणि आकडा डब्याच्या झाकणाला आतून मार्करने लिहून ठेवा. माझ्या झाकणावर सध्या एकाखाली एक चार आकडे आहेत, शेवटचा ११.९. तो ११.५ च्या खाली गेला की जोड उघडून बघायचे.